गळ्यातला डाग

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. मधेच कुणी फिस्सकन हसलं की माझी गाडी अडते, आणि हा प्रकार मला एका दमातच सांगता येतो. दुसऱ्या दमाला लाज वाटायला लागते.

तर, मी संशयी आहे. हे आधीच कबूल करतो. पण तो दोष माझा नाही हो, धंद्याचा आहे! मार्केट यार्डात माझं ट्रान्सपोर्टचं बुकिंग आहे. पाठवणारा सांगतो नऊ पोती, गाडीत चढतात आठ, आणि पलीकडे घेणारा म्हणतो सातच उतरली. मग सगळे बघतात कुणाकडे? माझ्याकडे! तीस वर्षं असल्या कामात काढल्यावर माणूस साधाभोळा राहील का? दूधवाला "नमस्कार काका" म्हणाला तरी मी आधी पातेलं हलवून बघतो.

बायकोवर मात्र कधी संशय घेतला नव्हता. खोटं कशाला सांगू, वेळच मिळाला नाही. सकाळी सातला धायरीतून निघायचं, संध्याकाळी परत, जेवण, बातम्या, झोप. शोभा घरात आहे आणि सगळं जागच्या जागी आहे, एवढंच मला माहीत होतं.

आणि मग तो फोन आला.

आमच्या केतकीचं लग्न महिन्यावर आलेलं. मुलगी बेंगळुरूला नोकरीला, त्यामुळे सगळी धावपळ शोभाच्या अंगावर. त्या सकाळी मी हॉलमध्ये बूट घालत होतो. स्वयंपाकघरात कुकर चढलेला आणि शोभा फोनवर. आवाज कसा? दबका! आमची शोभा फोनवर दबक्या आवाजात बोलत नाही. तिची बहीण सांगलीला असते. तिच्याशी ही बोलते तेव्हा फोन नसता तरी चाललं असतं.

मी एक पाय बुटात, एक बाहेर, असा थिजलो.

"हो मॅडम, गुरुवारी येते... नाही नाही, ह्यांना नाही सांगितलं... गळ्या..."

कुकरची शिट्टी!

"...डाग राहिलाय ना अजून. हातावरचा राहू दे, तो झाकून जातो. पण लग्नाच्या आत बाकीचे सगळे काढून टाकू... हो, थोडे थोडे करूनच. एकदम काढले तर घरी लक्षात येईल."

आता तुम्हीच सांगा! तुम्ही काय समजला असतात?

तरुण मंडळींसाठी सांगतो. आमच्या घरात डाग म्हणजे दागिना. सोन्याचा डाग. आई म्हणायची, "कांद्याला भाव मिळाला त्या साली एक डाग केला." आणि गळ्यातला डाग म्हटलं की आमच्याकडे एकच, आईची बोरमाळ. आईनं ती शोभाच्या गळ्यात घातली आणि सांगितलं, पुढे नातीला द्यायची. केतकीच्या लग्नात तिच्या गळ्यात हीच घालायची, हे ती जन्मली तेव्हापासून ठरलेलं.

तर शोभा म्हणाली "गळ्या", पुढचं शिट्टीनं खाल्लं, आणि मी "तला" हे माझ्या पदरचं जोडलं. गळ्यातला डाग! झालं की नाही वाक्य पूर्ण?

शोभा आंघोळीला गेल्याबरोबर मी कपाट उघडलं. साड्यांच्या खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, त्यात सगळे डाग. पाटल्या होत्या. कानातली होती. बोरमाळेची लाल डबी होती. उघडली.

रिकामी!

अहो, मी मटकन पलंगावरच बसलो. आणि मग मागचे चार महिने डोळ्यांसमोर असे यायला लागले की विचारू नका. महिन्यातला एक गुरुवार बाई दुपारभर बाहेर. का, तर "लग्नाची खरेदी." पण हातात पिशवी एकच आणि तीही चपटी! बाहेर जाताना तोंडाला स्कार्फ. पन्नाशी उलटलेली बाई कॉलेजच्या पोरीसारखी डोळे तेवढे उघडे ठेवून चाललीय. वर छत्री. पाऊस नाही, काही नाही, रणरणत्या दुपारी छत्री! मी विचारलं होतं एकदा, "छत्री कशाला गं?" तर म्हणाली, "ऊन लागतं." अरे, एकतीस वर्षं लागलं नाही ते ऊन आत्ताच कसं लागायला लागलं?

आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे, त्या गुरुवारी घरी आली की तिचा चेहरा लालबुंद. नजरेला नजर देत नसे. उजेडाकडे पाठ करून बसे. मी तेव्हा समजलो, दमली असेल. आता समजलं. माणसाच्या मनात चोर असला की चेहऱ्यावर दिसतोच!

यार्डात गेलो तो थेट नामदेवरावांच्या गाळ्यावर. नामदेवराव म्हणजे आमचे कांदा-बटाट्याचे व्यापारी, वीस वर्षांचे मित्र. त्यांना सांगायला नको होतं. पण त्या दिवशी मला कुणीतरी हवं होतं.

"दिलीपराव," ते कांदा हातात दाबून बघत म्हणाले, "वहिनींचा भाऊबिऊ अडचणीत आहे का?"

"नाही हो."

"मग बुवा."

"कसला बुवा?"

"हल्ली बायका गुरुवारी कुठे जातात? बुवाकडे! तो म्हणतो, सोनं आणा, दुप्पट करून देतो. आमच्या गावाकडे अशीच एकीची बोरमाळ गेली. बुवापण गेला."

"पण शोभा तशी नाही हो..."

"तशी कुणीच नसते," नामदेवराव म्हणाले आणि कांदा परत ढिगात टाकला.

झालं! त्या रात्री मला झोप नाही. शेजारी शोभा शांत झोपलेली. हिला झोप लागते कशी, हाही संशय. राग येत होता, पण खरं सांगू? रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. बोरमाळ गेली तर केतकीला काय सांगायचं? आणि शोभानंच ती नेली असेल तर मग एकतीस वर्षं मी कुणाबरोबर राहिलो?

सरळ विचारायचं होतं, असं आता तुम्ही म्हणाल. पण संशयी माणूस सरळ विचारत नाही. त्याला पकडायचं असतं.

गुरुवार उजाडला. शोभा म्हणाली, "मी दुपारी पत्रिकांचं प्रूफ बघायला जाऊन येते."

"जा की," मी म्हणालो. इतक्या गोड आवाजात म्हणालो की तिनं वळून माझ्याकडे बघितलं.

दुपारी ती स्कार्फ बांधून, छत्री उघडून स्वारगेटच्या बसमध्ये चढली आणि मी स्कूटरवरून बसच्या मागे. बसचा पाठलाग कधी केलाय का तुम्ही? करू नका. बस प्रत्येक स्टॉपला थांबते. आपणही थांबायचं! मागचे हॉर्न मारतात. एकजण शेजारून जाताना म्हणाला, "काका, आत जागा आहे, बसून घ्या ना!" पुण्यात माणसाला गुपचूप काही करता येत नाही, प्रत्येक जण मत देऊन पुढे जातो.

स्वारगेटला उतरून शोभा चालत निघाली. मी स्कूटर लावली आणि मागे. दोन गल्ल्या गेल्यावर ती एका इमारतीपाशी थांबली. तळमजल्यावर दुकान. पाटी काय? ज्वेलर्स!

शोभा आत गेली. मी समोरच्या रसवंतीत उभा राहिलो आणि पाच मिनिटांत दोन ग्लास रस प्यायलो, चव एकाचीही कळली नाही. ती बाहेर आली ती शेजारच्या जिन्यानं वर गेली. वरच्या मजल्यावर मोठी पाटी होती, पण कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनं ती अर्धी झाकलेली. उरलेल्या अर्ध्यात एवढंच दिसत होतं: "लेसर सेंटर".

लेसर! आता माझं डोकं कसं चालतं बघा. सोन्यात खोट किती हे तपासायला हल्ली मशीन असतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे खाली सोनं घ्यायचं, वर लेसरनं तपासायचं आणि वितळवायचं. वा रे वा! सगळी सोय एकाच जिन्यात!

आधी खाली गेलो. सोनार चष्मा कपाळावर ठेवून पेपर वाचत होते. मी आपला आडूनच विचारलं, "इथे जुन्या डागांचं काही करता का हो?"

त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "डागांचं वर. पहिला मजला. खाली विचारू नये असं लिहून ठेवलंय, पण लोकांना वाचायची सवय राहिलेली नाही."

खरंच, काचेवर कागद होता: "डाग, वांग, टॅटू यांची चौकशी इथे करू नये." मी "डाग" वाचलं आणि पुढचं वाचायची गरजच वाटली नाही. उघड उघड लिहून धंदा करतात!

वर गेलो. दार ढकललं. आणि समोर जे दिसलं, त्यानं उरलीसुरली शंका संपली. बाकांवर दहा-बाराजणी बसलेल्या आणि एकीचंही तोंड दिसत नाही! सगळ्यांना स्कार्फ. काहींना वर काळे चष्मे. एका दारातून पांढरा डगला घातलेली बाई बाहेर आली, तिच्या हातात रबरी मोजे, कपाळावर कसलासा जाड चष्मा. ती आत गेली, दार बंद. आतून टक्, टक्, टक् असा आवाज. माझी खात्री झाली, डाग फोडतायत.

शोभा कुठेच नव्हती. म्हणजे आत असणार.

काउंटरवर एक मुलगी कॉम्प्युटरसमोर. गोड हसली. मी मनात म्हटलं, हस, हस.

"या काका. फर्स्ट टाइम का?"

"हो," मी इकडेतिकडे बघत हळूच म्हणालो. ठरवलं होतं, गिऱ्हाईक बनून सगळं काढून घ्यायचं.

"काय काढायचंय?"

"डाग."

"कुठला?"

"गळ्यातला."

"नेक," असं म्हणत तिनं टाइप केलं. "किती जुना आहे?"

"साठ वर्षं तरी झाली असतील."

"ओह! म्हणजे जन्मापासून?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून!"

तिची बोटं थांबली. "काका, तुमच्या आधीपासून कसा असेल?"

"का नसेल? आईचा होता. तिच्याकडून आमच्याकडे आला."

"अच्छा, फॅमिलीतूनच आलाय. असतं असं."

"मग आईकडून माझ्या बायकोच्या गळ्यात आला."

"नाही हो काका!" ती एकदम म्हणाली. "असं सासूकडून सुनेला लागत नाही. गैरसमज असतात लोकांचे."

"गैरसमज कसला? मी स्वतः बघितलंय! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आईनं हिच्या गळ्यात घातला!"

तिनं दोन क्षण माझ्याकडे बघितलं आणि सोडून दिलं. "बरं. कलर काय आहे?"

"पिवळा! दुसरा कुठला असणार?"

"येलो? मग टॅटू आहे का तो? आधी सांगायचं ना काका! येलो जरा डिफिकल्ट असतो. ब्लॅक पटकन जातो."

मी कान टवकारले. "ब्लॅकमध्ये पटकन जातो?"

"हो, ब्लॅकला काही प्रॉब्लेमच नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त तेच येतात."

बघा! भर दुपारी, काउंटरवर बसून, एका अनोळखी माणसाला! मला घाम फुटला, पण मी धीर सोडला नाही.

"आणि एकदम घेता का सगळं?"

"एकदम नाही. पाच-सहा वेळा यावं लागेल, महिन्याच्या अंतरानं. प्रत्येक वेळी थोडं थोडं फोडतो. आत त्याचे अगदी बारीक कण होतात. मग बॉडी ते हळूहळू बाहेर टाकते."

बॉडी! म्हणजे ही टोळी नाही, रीतसर संघटना आहे! आमच्या यार्डातही व्यापाऱ्यांची बॉडी आहे, अध्यक्ष, सचिव, खजिनदार. पण त्यांनी कधी सोनं बाहेर टाकलं नाही हो!

"तुमच्या बॉडीवर कोण कोण आहे?" मी एकदम कडक आवाजात विचारलं.

ती मुलगी गांगरली. "माझ्या? माझ्या बॉडीवर काही नाहीये काका... एक छोटं फुलपाखरू आहे फक्त." आणि बिचारीनं बाही खाली ओढली.

आता मला वाटलं, ही मला बनवतेय. ती मात्र फॉर्म पुरा करायच्या मागे. "बरं, काय लिहिलंय त्या डागावर? नाव आहे का?"

"नाव कशाला असेल?" माझा आवाज चढला. "सोनं आहे ते, सोनं!"

"सोना," ती पुटपुटली आणि टाइप केलं. "बसा काका, नंबर आला की बोलावते."

मी बसलो. दोन स्कार्फांच्या मधे. उजवीकडच्या स्कार्फातून आवाज आला, "तुमचाही वांगच का?" मला ऐकू आलं "वांगंच का?" मी म्हणालो, "नाही, मी ट्रान्सपोर्टवाला. वांग्याचे गाळे पलीकडच्या ओळीत." त्या बाई सरकून बसल्या.

मी ठरवलं, शोभा बाहेर आली की रंगेहाथ पकडायची, सोनाराला बोलवायचं, मग पोलीस. पण पोलिसांत बायकोचं नाव द्यावं लागेल! मुलीच्या लग्नाला एक महिना. तिच्या सासरच्यांना काय सांगू?

आणि त्याच वेळी ती काउंटरवरची मुलगी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडली,

"ते गळ्यावर 'सोना' नाव गोंदवलेले काका कोण? चला, दोन नंबरची रूम!"

मी इकडेतिकडे बघतोय, कोण बुवा हा लोचट म्हातारा! तेवढ्यात दोन नंबरचं दार उघडलं. आतून शोभा बाहेर आली. चेहऱ्यावर, गळ्यावर पांढरं मलम फासलेलं. आणि ती मुलगी माझ्याकडे बोट दाखवून म्हणतेय, "काका, तुम्हीच ना सोनावाले?"

शोभानं माझ्याकडे बघितलं. मी शोभाकडे.

"बोरमाळ कुठाय?" मी गरजलो.

"सोना कोण आहे?" शोभानं विचारलं.

"आधी बोरमाळ सांग!"

"आधी सोना सांगा!"

"अगं, सोना नाही, सोनं!"

"लाडानं सोनंही म्हणता का तिला?"

अहो, ते सगळे स्कार्फ! एकेक करून खाली यायला लागले. ऐकायला अडथळा नको ना! कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "ह्यांचं वय बघा आणि थेर बघा." दुसरी म्हणाली, "गळ्यावर गोंदवलं आणि बायकोच्या लक्षात आलं नाही?" शोभा म्हणाली, "आमचे हे घरात नेहमी कॉलर लावूनच असतात." म्हणजे तिच्याही डोक्यात पुरावे गोळा व्हायला लागले होते! एकतीस वर्षांच्या सहवासात माझं काही उचललं नाही असं कोण म्हणेल?

एवढ्यात ती जाड चष्म्याची पांढऱ्या डगल्याची बाई आली. ती डॉक्टर होती. शांतपणे म्हणाली, "काका, बटण काढा. गळा बघू."

मी बटण काढलं. बारा बायकांसमोर. गळा स्वच्छ. सकाळी दाढी करताना लागलेली एक चीर तेवढी.

डॉक्टरनी कॉम्प्युटरवरचा फॉर्म मोठ्यानं वाचला. "गळ्यावर पिवळा टॅटू. नाव, सोना. साठ वर्षं जुना. जन्माच्या आधीपासून. आईकडून आला, पत्नीला लागला." त्या थांबल्या. "हे काय आहे?"

मग मला सगळं सांगावं लागलं. उभ्या उभ्या. फोन, शिट्टी, डबी, छत्री, बस, ब्लॅक, बॉडी. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं आणि प्रत्येक वाक्याबरोबर मी इंचभर खाली जात होतो. ती काउंटरवरची मुलगी टेबलावर डोकं ठेवून हसत होती. बाकावरच्या बाया हसत होत्या. डॉक्टर तोंडावरचा मास्क वर ओढून हसत होत्या.

शोभा हसत नव्हती.

"गळ्यावरचा," ती म्हणाली. "गळ्यातला नाही. गळ्यावरचा डाग. आणि गालावरचा वांग. केतकीच्या वेळेपासून आहे."

डॉक्टरना वाटलं वातावरण जरा हलकं करावं. म्हणाल्या, "हे त्यांचं चौथं सिटिंग, काका. बघा ना, किती फिकट झालंय सगळं! तुम्ही तर रोज बघता, तुमच्या लक्षात आलंच असेल."

आता मात्र कुणी हसेना. बारा बायका माझ्याकडे बघत होत्या. पोत्याला सुईएवढं भोक असलं तर मला दहा फुटांवरून दिसतं. बायकोच्या गालावरचा डाग चार महिने फिकट होत होता आणि मी बघत होतो तिची छत्री! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिना उतरून खाली आलो. शोभा सोनाराच्या दुकानात गेली, मी मागे. सोनारांनी एक कागदी पुडी पुढे केली. "दोरा पार कुजला होता. नवीन रेशमात गाठवलीय. लग्नात तुटायची नाही."

शोभानं पुडी माझ्या हातावर ठेवली. "घ्या, मणी मोजून घ्या."

मी मोजले नाहीत. हे माझ्या आयुष्यातलं पहिलंच सामान, जे मी न मोजता घेतलं. सोनार माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच ना मघाशी डाग विचारत होतात? गेला का?" मी पुडी खिशात घातली आणि बाहेर पडलो.

स्कूटरवर ती मागे बसली. स्कार्फ, छत्री मिटलेली. सिंहगड रस्त्याला लागलो, गर्दीत अडकलो. मी मान वळवून म्हणालो, "चुकलो मी, शोभा."

"पुढे बघा."

"पण मला सांगायचं ना! मी नाही म्हणालो असतो का? मीच घेऊन आलो असतो."

पुढच्या सिग्नलला आम्ही थांबलो. शेजारी एक टेम्पो, मागे रिक्षा. आणि मग माझ्या हेल्मेटला तोंड लावून ती म्हणाली, "साखरपुड्याचा अल्बम आला होता तो दिवस आठवतो?"

"आठवतो. चांगले काढलेत फोटो."

"त्या फोटोवाल्यानं सगळ्या बायकांचे चेहरे कॉम्प्युटरवर साफ करून दिले होते. माझापण. डाग नाही, वांग नाही, काही नाही. तुम्ही पान उलटलंत आणि माझ्या फोटोवर बोट ठेवून मला विचारलंत, 'ही कोण गं? व्याह्यांकडची दिसते. छान आहे बाई.'"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षानं हॉर्न दिला. माझा हात काही गिअरकडे जाईना.

"मग... मग ती तूच ना?" मी कसाबसा म्हणालो. "म्हणजे मी तुलाच छान म्हणालो की!"

"मी तिथेच बसले होते. तुम्हाला चहा दिला होता. तुम्ही कप घेतलात, माझ्याकडे बघितलंही नाहीत." मग तिनं स्कार्फ नीट केला. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा छान म्हणालात, तेही दुसऱ्याची बायको समजून!"